शालिग्रामभाऊचं बंद लायसन

पायी चालताना हात दाखवून वळणारा माणूस अख्ख्या वडनेर भोलजीत एकच, आमच्या शेजारचा शालिग्रामभाऊ. किराणा दुकानाकडं वळायचं असलं की आधी मागं पाहणार, मग उजवा हात आडवा काढणार, मग वळणार. समोर म्हैस आली की तोंडानं "पीं पीं". म्हैस ढिम्म हलत नाही, पण हॉर्न दिल्याशिवाय हा बाजूनं जात नाही.

"काऊन भाऊ, पायी चालताना कायले हात दाखवता?" मी एकदा विचारलंच.

"लायसन बंद हाय बे, सवय थोडीच बंद हाय!"

आता लायसन का बंद, तेही ऐका. जन्म गेला काळी-पिवळी जीप चालवण्यात. नांदुऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे याला सोयऱ्यांसारखे ओळखीचे. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. आणि महाशिवरात्रीच्या जत्रेत कुण्या बाबानं चिलीम पुढं केली. "देवाचा परसाद, नाही कसं म्हनू?" म्हणत यानं दोन झुरके ओढले आणि बसला गाडीवर. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, कारण जीप बैलगाडीच्या चालीनं येत होती आणि हा प्रत्येक बाभळीला साइड देत होता! दवाखान्यात तपासलं, गांजा निघाला. कोर्टात म्हणतो, "सायेब, परसाद होता." साहेब म्हणाले, "प्रसाद घेतला तर पायी घरी जायचं होतं." दंड झाला, वर सहा महिने लायसन बंद.

तेव्हापासून रोज सकाळी हा जीप धुतो, उदबत्ती ओवाळतो, स्टेअरिंगवर बसतो. चावी लावत नाही, नुसते गिअर बदलतो. आतून वहिनी ओरडतात, "आवो, चहा झाला! पोचली का नांदुऱ्याले?"

"स्टँडवर लागून राह्यली. आलोच!"

लोक म्हणायचे, गावातल्या गावात चालव, कोण पाहते? तर हा उसळायचा. "एकडाव चुकलो, ते चुकलो. आता हातभरबी नाही."

अशात त्याच्या एकुलत्या पोरीचं, पूनमचं लग्न ठरलं, तेही नेमकं या सहा महिन्यांतच. शालिग्रामभाऊचा हॉर्न बसला. म्हैस आली तरी गप्प. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"तुह्यं लायसन चालू हाय नं? पूनमची गाडी तू ने. चाळीसच्या वर नको जाऊ."

"नेतो की. तुमीबी चला."

"आपल्यात पोरीच्या मांगं बाप जात नाही बे. पाठराखीन जाते." मग म्हणाला, "पन डायवर जाते. गावातल्या निम्म्या पोरी म्याच पोचवल्या. रडाले लागल्या का म्हनो, रड माय, पोटभर रड, मी समोर पाहून राह्यलो. पूनम पाळण्यात होती तवाच ठरवलं होतं, हिले मीच नेईन. बाप म्हनून नाही तं डायवर म्हनून. तिच्या सासरचा उंबरठा पाहून येईन. त्या चिलमीनं घात केला गड्या."

एरवी मी त्याची टर उडवायला टपलेला असतो. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "चाळीसच्या वर नाही नेनार, भाऊ."

लग्न लागलं. जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली आणि बाप गायब! पूनम आईच्या गळ्यात पडून रडतेय, नजर मात्र बापाला शोधतेय. मी त्याच्याच जीपच्या स्टेअरिंगवर बसलो, नवरदेव शेजारी, मागं पूनम आणि पाठराखीण. तेवढ्यात जीपचं मागचं दार उघडलं. लग्नातला फेटा उतरवलेला, अंगात जुना खाकी शर्ट, खांद्यावर फडकं. शालिग्रामभाऊ!

"अवं माय, बाप कुठी चालला?" म्हाताऱ्या ओरडल्या.

"बाप नाही, मावशी. गाडीसंगं किलीनर लागते." त्यानं हात जोडले आणि मग पत्र्यावर दोन थापा मारल्या. "जाऊ द्या, डायवर!"

मांडव हसला. पूनम रडता रडता हसली आणि गाव सुटल्यावर पुन्हा हुंदके देऊ लागली. मागून आवाज आला, "रड माय, पोटभर रड. मी समोर पाहून राह्यलो."

मी आरशात पाहिलं. समोर कुठला पाहतो! फडक्यात तोंड खुपसून पूनमपेक्षा जास्त तोच रडत होता. रस्ता मोकळा होता, तरी मी गाडी तिसाच्या वर नेली नाही.