हवाबंद जावई

सासूबाई महिनाभर राहायला येणार म्हटल्यावर शहाणा जावई बाहेरगावचं काम काढतो. मी घर सुधारायला घेतलं.

त्यांना दम्याचा त्रास. त्यातच आमच्या ऑफिसात ‘इमारती आणि आरोग्य’ यावर एका इंजिनिअरचं व्याख्यान झालं होतं. बाहेरची धूळ आणि गाड्यांचा धूर फटीफटींतून घरात शिरतो नि थेट छातीत जाऊन बसतो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. (पुढच्या अर्ध्या तासातलं कानांपर्यंत पोचलं नाही. डोळा लागला होता.)

हार्डवेअरवाल्याकडून फोमचे सहा डबे आणले. बटण दाबलं की दाढीच्या साबणासारखा फेस येतो आणि थोड्या वेळात त्याचा दगड होतो. शनिवारी मी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, बाथरूमचा झरोका बुजवला, स्वयंपाकघरातल्या पंख्याचं भोकसुद्धा सोडलं नाही. वर सासूबाईंच्या खोलीला ताजा ऑइलपेंट!

“अहो, खिडकी उघडायची झाली तर?” बायकोने विचारलं.

“उघडायची कशाला? धूळ बाहेर बसून रडेल.”

“आणि श्वास?”

“घरात भरपूर हवा आहे. पुरवून पुरवून घेऊ.”

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. “जावईबापू, किती शांत वाटतंय हो इथे!” म्हणाल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदाच माझं कौतुक! मी सोफ्यावर फुगून बसलो.

दुपारपर्यंत लेक गणिताच्या वहीवर डोकं टेकून घोरायला लागली. बायकोचं डोकं ठणकत होतं, माझे डोळे चुरचुरत होते. (मी तिच्या तळणाला दोष दिला. त्याबद्दल जे ऐकावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.) तेवढ्यात आतल्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज आला. ती सासूबाईंची छाती होती. हातात दम्याचा पंप, ओठ पांढरे पडलेले.

“जावईबापू... हवा...”

मी हॉलच्या खिडकीवर झेप घेतली. खिडकी ढिम्म. एक पाय भिंतीला लावून ओढलं, तर कडी हातात आली आणि मी टीपॉयवर. शेवटी हातोडी शोधली, “मागे व्हा सगळे!” असं ओरडलो आणि काच फोडली. घामाघूम होऊन वळलो, तर मागे कुणीच नाही.

सगळे जिन्यात होते. दार उघडून गेले होते. (दार हा मार्ग मला सुचलाच नव्हता.)

सासूबाई पायरीवर बसून लांब श्वास घेत होत्या. ओठांवर रंग परतत होता. मला रडू आलं, ते मी काचेच्या नावावर खपवलं.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू वर आले. बघतो तर तेच व्याख्यानवाले इंजिनिअर! त्यांनी घरभर नाक फिरवलं.

“ओल्या रंगाची वाफ, गॅसचा धूर, चार माणसांचे श्वास, सगळं आत कोंडलंत? घरातली हवा बाहेर गेली पाहिजे, हे मी सांगितलं होतं ना?”

“त्या वेळी माझा जरा डोळा लागला होता.”

“हं. तुमच्या सगळ्या ऑफिसचाच लागला होता,” ते पडेल आवाजात म्हणाले. “व्याख्यानाच्या हॉलच्या खिडक्या बंद होत्या.”

त्यांनी सुरीने फोम कापून उरलेल्या खिडक्या उघडल्या आणि हवा किती कोंडलीय ते मोजायचं एक छोटं यंत्र माझ्या हातात दिलं. आकडा उतरायला लागला. ही सगळी योजना मुळात किती विचारपूर्वक आखली होती, ते मी यंत्र तोंडासमोर धरून सगळ्यांना समजावू लागलो.

“आई, हा आकडा परत का चढतोय?” लेकीने विचारलं.

“श्वास फार जवळून पडतोय,” इंजिनिअर म्हणाले. “तुम्ही जरा गप्प बसून बघा.”

मी तोंड मिटलं. आकडा सरसर खाली आला.

सासूबाईंनी पायरीवरूनच मान लांब करून ते पाहिलं आणि आता अगदी मोकळ्या श्वासात म्हणाल्या, “इंजिनिअरसाहेब, मी आहे तोवर हे यंत्र इथेच ठेवता का हो?”