दोन बाजू, दोन फोटो

वर्तमानपत्रातल्या माझ्या पानात चूक शोधून दाखवा, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. दर रविवारी एक प्रश्न, दोन लेख, शब्दसंख्या सारखी आणि वर लेखकांचे फोटो. त्या रविवारचा प्रश्न होता, ‘साहेब हुकूमशाहीकडे झुकताहेत का?’

डावीकडे ‘हो’ म्हणणारे निवृत्त प्राध्यापक. उजवीकडे ‘नाही’ म्हणणारा साहेबांच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता, म्हणजे माझा मेहुणा! साहेबांइतकं ऐकून घेणारा माणूस झाला नाही, असं त्यानं लिहिलं होतं.

पान छपाईला सोडायला सात मिनिटं उरली आणि जाहिरात आली. तिला बसवताना मी दोन्ही लेखांची अदलाबदल केली. लेख सरकले. नावं आणि फोटो मात्र घरजावयासारखे जागच्या जागी!

सकाळी आठला मेहुण्याचा फोन. “दाजी, काय केलंत हे! माझ्या फोटोखाली साहेबांना हुकूमशहा म्हटलंय!”

“अरे, उद्या खुलासा छापतो.”

“उद्या? मला साडेसातलाच पक्षातून काढलं!”

“तुला काही विचारलं नाही?”

“आमच्यात तशी पद्धत नाही!”

बायकोनं कप आपटला. “बारा वर्षं राबला माझा भाऊ. तुम्ही सात मिनिटांत घालवलंत!”

मी प्राध्यापकांकडे धावलो. दारात फुलांचे गुच्छ. साहेबांनी त्यांना भल्या सकाळीच एका समितीचं अध्यक्ष केलं होतं!

“सर, खुलाशावर सही करा. तो लेख तुमचा नाही ना!”

“घाई कशाला?” ते म्हणाले. “मी तो दोनदा वाचला. काही मुद्दे पटण्यासारखे आहेत.”

तरी मी तीन ओळींचा खुलासा लिहून संपादकांपुढे ठेवला.

“म्हणजे साहेबांनी भलत्यालाच काढलं?”

“हो!”

“आणि भलत्यालाच नेमलं?”

“हो ना!”

“म्हणजे साहेब चुकले, असं आपण छापायचं?” त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी मेहुणा घरी आला, पायी. पक्षाची गाडी दुपारीच काढून घेतली होती.

“दाजी, पुढच्या रविवारी जागा द्या. ‘हो’च्या बाजूनं लिहितो. आता मुद्दे आहेत माझ्याकडे!”

त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? ते पान दुपारीच बंद झालं होतं. आता तिथं साहेबांचे विचार येतात. काम माझ्याचकडे आहे. फोटो एकच असतो, त्यामुळे चुकायची भीती नाही.