तात्यांचं विलायतेतलं गाव

आमचे शेजारी तात्या "आमच्या गावात" असं म्हणाले, की ते इंग्लंडातल्या गावाबद्दल बोलत असत. रेवसपासून दोन कोसांवरच्या आमच्या या गावाला ते नुसतं "इथे" म्हणत. नव्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं लागे. नाहीतर "आमच्या गावात नदी सोमवारी निळी असते आणि मंगळवारी तांबडी" हे ऐकून पाहुणा घाबरून माझ्याकडे बघे.

जर्मन लढाईच्या आधी मुंबईतल्या एका गिरणीने तात्यांना कापड रंगवण्याचं काम शिकायला तिकडे पाठवलं होतं. दोन वर्षांनी ते परत आले, वर्षभर मुंबईत टिकले, साहेबाशी भांडले आणि घरच्या सुपारीच्या वाडीत येऊन बसले. धोतर, त्याखाली लोकरीचे मोजे आणि गळ्यात मफलर. वैशाखातसुद्धा.

ते गाव आम्हाला पाठ झालं होतं. टेकडीवर एका उमरावाचा महाल आणि त्याच्या बागेभोवती कोसभर लांबीची दगडी भिंत. खाली नदीकाठी गिरण्या आणि एकासारखी एक घरं. गिरणीत ज्या दिवशी जो रंग उकळे, तो संध्याकाळी नदीला येई. जमीन उमरावाची, घरं उमरावाची, गिरणीलाही जागा त्यानेच दिलेली. पण आपल्या दिवाणखान्यातून धुरांडी दिसू नयेत म्हणून त्याने मध्ये उंच झाडांची रांग लावली होती. "त्याला गिरणीचं भाडं चालायचं," तात्या सांगत, "गिरणीचा धूर चालायचा नाही." आणि हे असं सांगत, जणू उमराव त्यांचा सख्खा मामा.

एकदा त्यांनी त्यांची ओटी आणि माझा गोठा यांच्यामध्ये तगरीची रांग लावली.

"वहिनी, राग मानू नका. गोठा आहे तिथे असू दे. फक्त दिसायला नको."

"आणि वासाचं काय करणार?"

"वासावर आमच्या उमरावाकडेही इलाज नव्हता."

वाडीत शिंपणं करणारा धोंडू एकदा सगळं ऐकून म्हणाला, "तात्या, तुमचा उमराव भात खातो का न्हाय?"

"नाही."

"मासली?"

"शुक्रवारी. तीही उकडून."

"मंग कसला हो उमराव!" असं म्हणून धोंडूने विडी पेटवली. तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

तात्यांचा एक हट्ट होता. "मी पाहिलेलं सांगतो," हे त्यांचं पालुपद. पाहिलेलं नाही ते सांगायचं नाही. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गोष्टी त्या दगडी भिंतीपाशी येऊन थांबत. उन्हाळ्यात एका रविवारी उमराव बागेचं फाटक गिरणीतल्या लोकांसाठी उघडे, गिरणीतून तिकिटं वाटली जात. "मग तुम्ही का गेला नाहीत?" विचारलं, की तात्या मफलर सारखा करत. "त्या दिवशी जमलं नाही."

त्यांच्या बायकोला, माईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. मूलबाळ नव्हतं. तात्याच त्यांना अंघोळ घालत, भरवत, वेणीसुद्धा घालत.

"तात्या, ही वेणी की काथ्याचा दोर?" मी एकदा विचारलं.

"काथ्या असा सुटत नाही," अंथरुणातून माई म्हणाल्या.

रोज दुपारी तात्या त्यांना त्या गावात फिरायला नेत. म्हणजे खाटेशी पाट मांडून बसत आणि बोलत. आधी माईंनी नदीचा रंग सांगायचा. मग पूल, मग पाववाल्याचं दुकान, मग चढ, मग भिंतीच्या कडेकडेने फाटकापर्यंत. तिथून परत. तीन वर्षं हेच. माई रोज म्हणत, "आज आत जाऊ या." तात्या म्हणत, "आतलं मी पाहिलेलं नाही."

"मी मेल्यावर नेणार का?" एके दिवशी माई चिडल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मला राहवेना. मी तात्यांना परसात गाठलं. "दोन झाडं सांगा, एक कारंजं सांगा. कोण जाणार आहे तपासायला?"

"वहिनी, आजवर मी तिला खोटं सांगितलेलं नाही. आता तिला उठून बघता येत नाही, तर आता सांगू?"

मी गोठ्यात निघून गेले.

माघात माईंचं खाणं दोन चमच्यांवर आलं. अलिबागचे डॉक्टर येऊन गेले. जाताना त्यांनी छकड्यापाशी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर आठवडा. तात्यांना ते मीच सांगितलं. गोलगोल बोलणं मला जमत नाही. ते "बरं" म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा दोघं फिरायला निघालेलीच होती. चढ संपला होता. मी उंबऱ्याशी थांबले.

"फाटक उघडं आहे," तात्या म्हणाले.

माईंनी डोळे उघडले. "तिकीट?"

"आहे की. दोघांचं. तेव्हाही दोघांचंच मिळालं होतं. तू इथे होतीस, तरी गिरणीत मी तुझं नाव लिहून दिलं होतं."

"मग गेला का नाहीत?"

"फाटकापर्यंत गेलो होतो. सगळे जोडीने आत चालले होते." तात्यांनी मफलर सारखा केला. "एकटा जाऊन काय करायचं होतं?"

डाव्या हाताने माईंनी तात्यांचा हात चाचपला. "चला."

तात्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे त्यांना सुचलं ते आपल्या वाडीतलंच. डावीकडे सुपारीची झाडं, त्यांवर चढलेल्या पानवेली, पुढे केळी, पाटाचं पाणी.

"तिकडच्या थंडीत सुपारी?" माई म्हणाल्या.

"उमरावाची आहे."

माई हसल्या. निम्म्याच तोंडाने, पण हसल्या.

मी पेज चुलीपाशी झाकून ठेवली आणि मागच्या दाराने निघाले. तात्यांचा आवाज परसापर्यंत येत होता.

"सावकाश चाल. संध्याकाळपर्यंत कोणी बाहेर काढत नाही."