दत्तूआबांची पाठ

रोज सकाळी आमच्या शेजारचे दत्तूआबा धाडकन पडतात. खालच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला, तेव्हा तोंडाचा साबण तसाच ठेवून बिचारा धावत वर आला होता. बघतो तर व्हरांड्यात हा एवढा आडदांड माणूस उताणा, आणि त्याच्या छातीवर आमची तीन वर्षांची रेवा.

"लागली का पाठ?" आबा विचारतात.

"लागलीऽऽ!" रेवा ओरडते. झाली कुस्ती.

आबा जुने पैलवान. आता गल्लीतल्या आयाबापांना पोरांशी खेळायला शिकवणं हा त्यांचा उद्योग, तोही कुणी बोलावलेलं नसताना. माझ्या नवऱ्यानं रेवाला शाहूपुरीतून बॅटरीची मोटार आणली, तर त्यालाच झापलं. "पैसं वर आल्यात व्हय, पावणं? पोरीसमोर नुसतं पडायचं. पण खरं पडायचं! लबाडी केल्याली तिला कळती." आणि लगेच पडायला लावलं. नवऱ्याची कंबर धरली. मी हसत हसत बाम चोळत बसले.

एकदा मी चिडवलं, "आबा, तालमीत कधी ठरवून हरलात का हो?"

"नाव काढू नगंस! नुरा कुस्ती आयुष्यात केली न्हाय!"

"मग रेवाबरोबर काय चालतं?"

आबा उठून आत निघून गेले.

मग त्यांच्या बायकोनं, आक्कांनी सांगितलं. त्यांचा महेश रेवाएवढा असताना आबांच्या पायाला मिठी मारून झटायचा. आबा दर वेळी त्यालाच पाडायचे. म्हणायचे, "ताकद कमव, मग ये." लेकरानं हळूहळू यायचंच सोडलं. आता तो वारणानगरला नोकरीला आहे. वारणानगर काय परदेशात आहे? पण वर्ष वर्ष फिरकत नाही. मला भारी राग यायचा त्याचा.

गेल्या रविवारी आला, बायकोला आणि छोट्या मुलीला घेऊन. आबांना कोण आनंद! जेवणं झाल्याबरोबर त्यांनी आम्हालाही हाक मारली. नवा टॉवेल कमरेला आवळून व्हरांड्यात दंड थोपटून उभे. "ये बाळा, पाड आज्याला!" आणि तिनं हात लावायच्या आतच धाडकन पडले. पोरगी घाबरून बापामागं लपली. शेवटी आमची रेवाच नेहमीसारखी छातीवर चढली. "लागलीऽऽ!"

आबा हसले नाहीत. ते महेशकडे बघत होते.

"आमच्या टायमाला कधी पडला न्हाईसा, आबा," महेश म्हणाला.

"मग आता पाड की."

महेशनं मुलीच्या पायात चपला चढवल्या. "उशीर होतोय," म्हणाला, आणि दोघींना घेऊन जिना उतरला.

मी रेवाला उचलून घेतलं. आबा तसेच पडून होते. खाली गाडी सुरू झाली.

"आबा, उठा आता. फरशी गार आहे."

"थांब की पोरी," ते म्हणाले. "मी उठलो आन् त्यो माघारी आला तर?"