बाबेलवाल्यांचा वकील

मी एकदा प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर साडेतीन मजली बुरूज पाडला आहे. बुरूज दुधाच्या रिकाम्या खोक्यांचा होता आणि पाहुणे हसऱ्या स्वभावाचे होते, म्हणून निभावलं. पण पडला तो माझ्यामुळे. मला 'थांबा' म्हणून सांगितलं होतं, आणि सांगणारा ऐरागैरा नव्हता. 'थांबा' सांगण्याचाच त्याला तीस वर्षं पगार मिळत होता. तरी मी थांबले नाही. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते, अबू धाबीतल्या आमच्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव होते, अंगावर मोरपिशी पैठणी होती आणि हातात माइक होता. यातली एखादीच गोष्ट असती तर मी कदाचित ताब्यात राहिले असते.

त्या माणसाचं नाव शामुवेल. मूळचा नगरकडचा. अबू धाबीच्या मुसफ्फा भागात, आमच्या खालच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको मार्था राहायचे. कामाने रिगर. म्हणजे क्रेनखाली उभं राहून वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताच्या खुणांनी सांगायचं: उचल, डावीकडे घे, हळू, खाली सोड, थांब. साइटवरच्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत, आणि गेले तरी मल्याळी, पठाण, बंगाली, नेपाळी, फिलिपिनो अशा त्या जत्रेत कोणाचे शब्द कोणाला कळणार? म्हणून हात.

तीस वर्षांत शामुवेलच्या हातांना ही सवय अशी जडली, की घरीदारी तोंड उघडणं त्याला वायफळ खर्च वाटू लागलं. भात हवा असला की तर्जनी खाली करून गोल गोल फिरवायची. पुरे झाला की मूठ. हळू वाढ म्हणायचं तर एका तळव्यावर दुसरा तळवा. "अहो, मी बायको आहे तुमची, क्रेन नाही!" मार्था ओरडायची. त्यावर तो तिच्याकडे बघून पुन्हा बोट फिरवायचा. आमटी राहिली होती.

रत्नागिरीचा हनीफ त्याचा ऑपरेटर. दोघांची वीस वर्षांची जोडी. हनीफ मला म्हणाला होता, "भाभी, याला फोन कधी करू नका. फोनवर हा हातवारे करत बसतो आणि मी इकडे हॅलो हॅलो करत बसतो."

आमच्या गल्लीत त्याच्या खुणेशिवाय गाडी लावायची कोणाची छाती नव्हती. आमचे हे तर त्याच्या बोटाकडे बघून रिव्हर्स घेता घेता आरशात बघायचंच विसरले. शामुवेल सुट्टीवर नगरला गेला की आमच्या बंपरला पोचे यायचे. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की हा तिसऱ्या रांगेत उभा राहायचा, दोन्ही हात बाजूंना ताणायचा आणि आडवे हलवायचा. इमर्जन्सी स्टॉप. पाद्रीबाबा वाक्याच्या मधेच आमेन म्हणायचे.

प्रार्थनेला तो पोटापुढे बोटं गुंफून उभा राहायचा. मार्थाला बरं वाटायचं. मला मात्र त्याने जिन्यात हळूच सांगितलं, "ती प्रार्थना नाही ताई. तीपण खूणच आहे. जे जिथे आहे तिथेच राहू दे, आता काही हलवू नको. देवाला कळत असेल तर कळेल."

पण हे सगळं किरकोळ. माणसाचा खरा छंद वेगळा होता. शामुवेल देवाविरुद्ध केस लढवत होता, आणि तिच्यापुरतं मात्र त्याचं तोंड सैल सुटायचं.

केस जुनी, बाबेलच्या बुरुजाची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. यहुद्यांच्या प्राचीन शास्त्रातली गोष्ट आहे, शामुवेलच्या ख्रिस्ती घरात लहानपणापासून ऐकलेली. फार पूर्वी सगळ्या माणसांची भाषा एकच होती. माणसं एका मैदानात जमली, त्यांनी विटा भाजल्या आणि ठरवलं, आभाळाला टेकेल असा बुरूज बांधू, आपलं नाव करू. देव बघायला खाली उतरला. त्याला हा गर्व पसंत पडला नाही. त्याने एकेकाची भाषा वेगळी करून टाकली. एकाने वीट मागितली तर दुसऱ्याला कळेना. काम बंद पडलं आणि माणसं पृथ्वीभर पांगली.

पाद्रीबाबा या गोष्टीवरून सांगायचे, गर्व करू नये. शामुवेल सांगायचा, लेबरची बाजू ऐकून घ्यावी.

"ताई, मला सांगा, नाव कोणाला करायचं होतं?" भाजीची पिशवी घेऊन मी वर निघाले की तो पहिल्या पायरीवरच मला गाठायचा. "मालकाला! वीट वाहणाऱ्याला काय? मी या देशात एवढे टॉवर उभे केले, एकाच्या तरी दारावर शामुवेल लिहिलंय? आता आत जायला गेलो तर वॉचमन विचारतो, किधर जाना है. गर्व मालकाचा आणि शिक्षा लेबरला. कुठल्या कायद्यात बसतं हे?"

"देवाच्या कायद्यात," मी म्हणायचे.

"मग वॉर्निंग लेटर कुठाय? आमच्या कंपनीतसुद्धा आधी तीन वॉर्निंग देतात, मग परतीचं तिकीट काढतात. इथे डायरेक्ट डिपोर्ट!"

माझी पिशवी जड, उत्तरं हलकी. तो अजून एक पायरी माझ्याबरोबर चढायचा आणि आवाज खाली आणायचा.

"पण देव एक गोष्ट विसरला, ताई. जीभ फोडली, हात तसेच ठेवले. खलास! तिथे केस आपल्या बाजूला आली. माझ्या साइटवर अकरा भाषा आहेत. आणि रोज सकाळी सहाला आम्ही बाबेल पुन्हा चालू करतो. बघू दे त्याला."

एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभा राहिला. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांचं नाटक मी बसवणार, हे त्याच्या कानावर आलं होतं.

"तुम्ही नाटक लिहिता. ही केस लिहा," तो म्हणाला. "पण शेवट माझा."

त्याचा शेवट असा होता. भाषा बिघडल्यावर मुलांनी गोंधळायचं, रडायचं, एकमेकांवर ओरडायचं. मग एका मुलीने हात वर करून बोट फिरवायचं. उचल. दुसऱ्याने ते समजून वीट उचलायची. तिसऱ्याने 'हळू' म्हणायचं, तळव्यावर तळवा ठेवून. एकही शब्द न बोलता शेवटची वीट चढवायची, आणि पडदा. देवाचा निकाल रद्द.

मला आवडला. खरंच आवडला. मी शब्द दिला.

त्यानंतर तीन महिने दर शुक्रवारी शामुवेल मुलांना खुणा शिकवायला येत होता. मुलं आमची गल्फमधली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. "अंकल, धिस इज सो कूल," म्हणत त्यांनी त्याला घेरलं. मार्था मला म्हणाली, "हल्ली शुक्रवारी हे दाढी करतात हो. आणि झोपेत उजळणी करतात. मला दोनदा लागला हात."

मुलांना त्याने सगळ्यात आधी शिकवली ती 'थांबा'ची खूण. "बाकीच्या खुणा एकच माणूस देतो," तो बजावायचा. "दोघांनी दिल्या तर क्रेन वेडी होईल. पण थांबा कोणीही म्हणू शकतो. चहा पोचवायला आलेला माणूससुद्धा. आणि कोणी थांबा म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही. आधी थांबायचं. मग विचारायचं."

खोक्यांचा बुरूज बघून तो मला म्हणाला, "तीन मजल्यांच्या वर नको, ताई. खालची खोकी रिकामी आहेत."

"शामुवेल, ही कला आहे, साइट नाही," असं मी त्याला सांगितलं. आता ते वाक्य आठवलं की मला माझ्याच पैठणीचा पदर तोंडात कोंबावासा वाटतो.

नाटकात देव पडद्याआडून बोलणार होता. देवाचा आवाज मी स्वतः दिला. तेवढ्या अधिकाराने बोलणारं मंडळात दुसरं कोणी नव्हतं, असं माझं प्रामाणिक मत होतं. मुलांना सांगून ठेवलं होतं: देव बोलतोय तोवर खोकी चढवत राहा. देवाचं बोलणं संपलं की भाषा बिघडवा.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये होता. पहिल्या रांगेत सोफ्यावर प्रमुख पाहुणे, तिसऱ्या रांगेत शामुवेल, मार्था, आणि खास ओव्हरटाइम सोडून आलेला हनीफ.

देवाचं भाषण मी दोन मिनिटांचं लिहिलं होतं. पहिल्याच वाक्याला टाळी पडली. टाळी पडल्यावर थांबणारी सचिव अजून जन्माला यायची आहे. मी पदरचं बोलू लागले. माणसाच्या गर्वावर बोलले, आजच्या पिढीवर बोलले, मंडळाची वर्गणी न भरणाऱ्यांवरही देवाच्या तोंडून दोन वाक्यं टाकली. आणि देव बोलतोय म्हणून मुलं बिचारी खोकी चढवत राहिली. तीन मजले झाले. मग चौथा सुरू झाला. आमच्या बिल्डिंगमधली सात वर्षांची रिया स्टुलावर चवड्यांवर उभी राहून वरचं खोकं सरकवत होती.

विंगेतून मला सगळा हॉल दिसत होता. तिसऱ्या रांगेत शामुवेल उभा राहिला. दोन्ही हात बाजूंना ताणून त्याने आडवे हलवले. एकदा, दोनदा, तीनदा.

मी पाहिलं. लोकांना मी नेहमी सांगत आले, लाइट डोळ्यांवर होता, दिसलं नाही. दिसलं होतं. मनात आलं ते शब्दही मला आठवतात: देवाला थांबा म्हणणारा हा कोण?

मी पुढचं वाक्य घेतलं आणि बुरूज खाली आला.

तोवर शामुवेल खुर्च्या ओलांडून स्टेजवर पोचला होता. रियाला त्याने पडता पडता धरलं, पण तिची हनुवटी स्टुलाच्या कडेवर आपटली. खोकी पुढच्या बाजूला गेली ती थेट सोफ्यावर. प्रमुख पाहुणे डोक्यावरचं खोकं काढून हसायला लागले आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच शेवट. गर्व केला, बुरूज पडला, किती छान बसवलंय! दिवसातली सगळ्यात मोठी टाळी ती. कोणीतरी पडदा पाडला. आणि मी, सांगायला लाज वाटते, पडद्याच्या पुढे येऊन वाकून नमस्कार केला.

रियाला दवाखान्यात नेलं. दोन टाके पडले. तिच्या आईने फोनवर मलाच धीर दिला, "अहो काकू, मुलांचं चालायचंच." अध्यक्ष म्हणाले, "इफेक्ट जबरदस्त!" आमचे हे म्हणाले, "तुझा काय दोष?"

शामुवेल हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसला होता. त्याचे हात गुडघ्यांत दाबलेले होते. मी शेजारी बसले आणि बोलत सुटले. लाइट, मुलांची गडबड, खोक्यांचा दर्जा. तुमचा शेवट राहून गेला, पुढच्या वर्षी नक्की करू.

तो ऐकत नव्हता. मधेच म्हणाला, "रुवैसच्या साइटवर असताना पाइप उतरवत होतो. लांबून एक वेल्डर हात पसरून थांबा, थांबा करत होता. मी पाहिलं. मी हेड रिगर. मला वाटलं, माझ्या क्रेनला थांबवणारा हा कोण? मी हनीफला 'खाली'ची खूण दिली. पाइपाच्या पलीकडे माणूस होता. माझ्या बाजूने दिसत नव्हता."

"मग?"

"गेला."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"इन्क्वायरी झाली. वेल्डर घाबरला, तोंड उघडलं नाही. मी सांगायला गेलो तर साहेब म्हणाले, गप बस, रिपोर्ट लिहून झालाय, अपघात. वर पाठीवर थाप मारली. मार्था म्हणाली, देवाची मर्जी. पाद्रीबाबा म्हणाले, क्षमा झाली. मी म्हटलं, अजून कोणी विचारलंच नाही, तर क्षमा कसली?" त्याने हात गुडघ्यांतून काढले, बघितले आणि पुन्हा दाबले. "विटांच्या ढिगासाठी देव स्वतः खाली उतरला, ताई. माझ्यासाठी उतरला नाही. म्हणून मी त्याची जुनी केस उकरतो. त्याला खोटा पाडतो, चारचौघांत पाडतो. चिडून तरी येईल."

एवढी वर्षं जिन्यात मी त्या भांडणाला हसत होते. मी हळूच म्हणाले, "शामुवेल, मला दिसलं होतं. तुमचे हात मला दिसले होते. आणि सगळे म्हणतायत, काही झालं नाही."

तो उठला, पँट झटकली, आणि माझ्याकडे सरळ बघून, एकदाही हात न हलवता म्हणाला:

"झालं ना. तुम्ही पाहिलंत आणि थांबला नाहीत. चूक तुमची आहे, ताई, दुसऱ्या कोणाची नाही. मी रागावलोय तुमच्यावर. आता त्या पोरीच्या घरी जा आणि तिच्या आईला हेच सांगा. आणि जेवून जा, मार्थाने डबा आणलाय."