बिनखिशाचे तांबोळीसर

आमच्या तांबोळीसरांच्या शर्टाला खिसा नसतो. म्हणजे दुकानातून आणताना असतो, तीन महिन्यांनी सर ब्लेडनं तो उसवून टाकतात. "तीन महिने पाहिलं, आत काही ठेवलं नाही. मग कशाला वागवायचा?" इति सर. खिशाच्या जागी गडद चौकोन उरतो. नव्या माणसाला वाटतं, चोरानं पाकिटासकट खिसाच मारलाय.

फक्त एका शर्टाचा खिसा शाबूत आहे. तो शर्ट सोमवारचा. उसवायचा राहून गेला असेल, असं मी समजत होते.

भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही कारखान्यांतल्या टेस्टिंग मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. सर तिथले सगळ्यांत जुने. वडिलांचं पिंपरीत गॅरेज होतं, त्यामुळे कॉम्प्युटरलाही ते बॉनेट उघडल्यासारखे भिडतात. पिंपळे गुरवला एकटेच राहतात. घरात एक ताट, एक खुर्ची. पाहुणा बसला की सर उभे. ऑफिसात चहाला शिवत नाहीत. "गरज नव्हती, नुसती सवय होती." मी लातूरची. आमच्याकडे चहाला नको म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर रुसलेला.

आणि असा माणूस दर सोमवारी पहिल्या शिफ्टला दोन बस बदलून चाकणला जायचा! तिथं ब्रेकच्या पाइपची गळती तपासणारं आमचं एक मशीन आहे. मशीन ठणठणीत, काम शून्य. विचारलं की म्हणायचे, "जरा बघून येतो."

गेल्या महिन्यात त्याच मशीनचा नवा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. मी लिहिला, चाकणला नेऊन घातला, आणि तो तिथं सुरूच होईना. 'अमुक लायब्ररी सापडत नाही' एवढं बोलून गप्प. साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "सोमवारी पहिल्या शिफ्टला हा चालला नाही, तर चाकणचं काम गेलं. आणि त्याच्याबरोबर तूही." मी रडकुंडीला येऊन सरांच्या टेबलाशी गेले.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेला तयार माल. आपला प्रोग्रॅम जोडताना जी जी सांगाल, तिचं नाव त्याच्या यादीत चढतं. मग ती वापरा की न वापरा, सुरू होताना प्रोग्रॅम सगळ्यांची हजेरी घेतो. एक जरी गैरहजर असली तरी पठ्ठ्या अडून बसतो. माझ्या यादीत सदतीस नावं निघाली.

"सदतीस?" सरांनी चष्मा पुसला. "पाइपमधून हवा गळते का एवढंच बघायचंय ना? वरात काढायचीय का?"

मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "हा कोण? कुणी बोलावलं?" तो आवाजासाठी. मशीनला स्पीकरच नाही. "चला, निघा. हा कोण?" तो रंगीत रिपोर्ट छापायला. चाकणच्या मशीनला आजवर कुणी प्रिंटर जोडलेला नाही. "खुदा हाफिज. पुढचा?" हा एक तर फक्त दुसऱ्याच्या ओळखीनं घुसलेला निघाला. जोडणारा जो लिंकर असतो, त्याला 'ज्यांना खरंच हाक मारलीय तेवढ्यांनाच घे' असं बजावायची सोय असते. सरांनी तेही बजावलं. संध्याकाळपर्यंत उरल्या नऊ.

नववीचं नाव होतं 'चावडी'. हिला आख्ख्या प्रोग्रॅममध्ये कुणीही हाक मारत नव्हतं. तरी जुन्या प्रोग्रॅमवरून मी जशाच्या तशा उचललेल्या यादीत तिच्यापुरता लिंकरला वेगळा हुकूम होता: हाक असो नसो, हिला घ्यायचंच. शेजारी सरांचा शेरा, 'काढू नये.' कारण काही नाही.

"ही कुणी बोलावली, सर?"

"राहू दे ती."

"पण तिचं काम काय?"

"राहू दे म्हटलं ना." आणि सर उठून पाणी प्यायला गेले.

माझं डोकंच फिरलं. दिवसभर माझ्या अठ्ठावीस जणींना हाकललं, आणि स्वतःची एक वशिल्याची ठेवून घेतली! शुक्रवारी दुपारी सर नमाजाला गेले, तेवढ्यात मी चावडी यादीतून काढली आणि फाइलही सगळीकडून पुसली. राहिल्या आठ. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं चाकणच्या मशीनपुढं. ऑपरेटर सुतारभाऊंनी बटण दाबलं. प्रोग्रॅम झटक्यात सुरू झाला, हिरवा दिवा लागला. माझी नोकरी वाचली! मी सरांकडं बघितलं, ते नुसते पडद्याकडं बघत होते.

सुतारभाऊ पाइप लावेनात. "मॅडम, आज विलासराव बोलले न्हाईत."

"कोण विलासराव?"

"माणचे गायकवाड. सरांचे जोडीदार. त्यांनीच बशिवलं की हे मशीन. करोनात गेले बिचारे. पण रोज चालू केलं की पयली वळ त्यांची येती."

आत्ता माझी ट्यूब पेटली. चावडीला हाक मारावीच लागत नव्हती. ती नुसती हजर झाली की आपणहून पडद्यावर एक ओळ लिहायची आणि गप्प बसायची.

"आठ केल्यास?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

"नियमानं बरोबर आहे तुझं." ते शेजारच्या क्रेटवर बसले. "फाइल आहे?"

"पुसली. सगळीकडून. आज नवा प्रोग्रॅम घालताना इथूनही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी परत लिहून देते ना, सर. एका ओळीचं तर काम आहे."

"तू लिहिशील गं. पण ती तुझी होईल. त्याचं मूळ लिखाण त्याच्या लॅपटॉपबरोबरच गेलं."

"मग शेजारी कारण लिहायचं होतं ना, सर!" मी रडवेली होऊन त्यांच्यावरच ओरडले.

"काय लिहू? याची आठवण येते म्हणून? लिंकरला सांगू?"

आणि सरांनी खिशात हात घातला. सोमवारच्या शर्टाच्या खिशात! आतून एक पेन ड्राइव्ह निघाला, टोपण हरवलेला, रबर बँड गुंडाळलेला. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "जपून."

दुसऱ्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून मी पेन ड्राइव्हमधली चावडीची तयार फाइल घेतली आणि पुन्हा सगळं जोडलं. नऊ. सुतारभाऊंनी बटण दाबलं आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ओळ उमटली:

'आलास व्हय? च्या झाला का न्हाई?'

सर जरासे वाकले. "झाला रे, विलास," हळूच म्हणाले.

सुतारभाऊंनी पाइप लावला, मशीन चालू झालं. मी डोळे पुसत होते, तर सर कॅन्टीनच्या दिशेनं निघालेसुद्धा.

"कुठं, सर?"

"चहाला. झाला म्हणून सांगितलंय त्याला, आता प्यायलाच पाहिजे."