सासूबाई, व्हॅम्पायर आणि रविवारची बोट

व्हॅम्पायर या विषयात मला कोणी अक्कल शिकवू नये! मी कापिझचा आहे. फिलिपिन्समध्ये कुठेही जा आणि कापिझचं नाव काढा, समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच मागे सरकतो. कारण रक्त पिणारे अस्वांग आमच्याच प्रांतात राहतात, असा सगळ्या देशाचा ठाम समज आहे. दिवसा चारचौघांसारखा माणूस आणि अंधार पडला की पोटुशी बाई शोधत फिरणारा राक्षस! आता आमच्याकडे कालवं झकास मिळतात, मासळी ताजी मिळते, पण ते कोण विचारतो? माझ्या लग्नात बायकोकडच्या निम्म्या पाहुण्यांच्या खिशात लसूण होता. फोटोत खिसे फुगलेले दिसतात.

या बदनामीचा मला एकच फायदा झाला. मी व्हिडिओ गेम खेळून त्यांची परीक्षणं लिहितो, आणि व्हॅम्पायरचा कुठलाही गेम आला की मनिलातला आमचा संपादक चितो तो डोळे मिटून माझ्याकडे पाठवतो.

"मियोंग, तुझ्या घरचाच विषय!" तो फोनवर म्हणाला. "आपण व्हॅम्पायर व्हायचं, शहरात हिंडायचं, कुणाला चावायचं नि कुणाला सोडायचं ते आपणच ठरवायचं. वाचकांना दोनच गोष्टी हव्यात. खेळायला भरपूर आहे का? आणि त्यात खोली आहे की सगळं नुसतंच वरवरचं? रविवारी छापायचंय."

"शनिवारी संध्याकाळी घे!" मी छातीठोकपणे सांगितलं. गेमचं नाव इथे देत नाही, उगाच कंपनीवाले बोंबा मारायचे.

पण त्याच आठवड्यात घरात सासूबाई उतरल्या होत्या. नानाय (म्हणजे आई) पर्पेतुआ, मुक्काम बातांगास, निवृत्त मुख्याध्यापिका. माझी बायको लिवाय पोटुशी होती आणि आमचं पहिलंच बाळ. नानायनी बॅग खाली ठेवायच्या आधी जाहीर केलं, "रविवारच्या बोटीची दोन तिकिटं काढली आहेत. एक माझं, एक लिवायचं. इथे तिचं नीट होईल असं माझ्या मनाला पटलं तर तिचं रद्द करीन. नाही पटलं तर मुलगी माझ्याबरोबर येईल. बाळंतपण बातांगासला."

माझ्या बाळाचं पहिलं रडणं मी फोनवर ऐकायचं? मुळीच नाही! रविवारपर्यंत आदर्श जावई व्हायचं, मी ठरवलं. आवाज नाही, कटकट नाही. गेम खेळायचा तो दिवसाढवळ्या, अडगळीच्या खोलीत, दार लावून, कानाला हेडफोन लावून. कोणाला पत्ताही लागणार नाही.

आता माझी कामाची एक पद्धत आहे. खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे लिहिता येत नाही. म्हणून मनात येईल ते मोठ्याने बोलतो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करतो. कानावर हेडफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतोय हे आपल्याला कळत नाही. मला तर अजिबातच कळत नाही. लिवाय म्हणते की मी पुटपुटलो तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं.

पहिल्या दिवशी मी पुटपुटलो, "सुरुवातीच्या शिकारी फारच सोप्या. माणसं आपणहून मान पुढे करतात. रक्ताला चव नाही!"

दुपारी जेवायला बसलो. नानायनी स्वतःच्या हाताने लसूण घालून भात परतला होता. भात कसला, लसणात थोडा भात होता!

"मला नको, नानाय," मी नम्रपणे म्हणालो. "लसणाने छातीत जळजळ होते. डॉक्टरांनी बंद केलाय."

नानायचा चमचा हवेतच थांबला. लिवायला ठसका लागला.

"उन्हात पण जात नाहीस," नानाय म्हणाल्या. "खोलीला जाड पडदे लावलेस."

"उन्हाची तिरीप पडते हो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काही दिसत नाही."

"आणि डोळे लाल."

"कामाचा ताण!"

त्या उठून माझ्याजवळ आल्या, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मला भरून आलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण या बाईने माझ्याकडे इतक्या मायेने कधी पाहिलं नव्हतं! मी पण प्रेमाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. झालं, मी म्हटलं, एक तिकीट रद्द झालं!

"वेड्या," लिवाय नंतर हसत म्हणाली, "अस्वांगाच्या बुबुळात समोरच्याचं प्रतिबिंब उलटं दिसतं म्हणतात. आई ते तपासत होती."

"मग? सुलटच दिसलं ना?"

"चष्मा विसरली होती. काहीच दिसलं नाही तिला."

"अगं, मग सांग ना तिला की मी गेम खेळतोय!"

"सांगितलं. ती म्हणाली, मोठा बाप्या माणूस दिवसभर गेम खेळतो, हे तर त्याहून वाईट. काहीतरी पटण्यासारखं सांग."

यापुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. नानाय बाजारातल्या एका वैदूबाईकडून तेलाची बाटली घेऊन आल्या. खोबरेल तेलच, पण मंतरलेलं. अस्वांग जवळ आला की ते उकळतं, असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतील. मी अंघोळीला गेलो असताना त्यांनी बाटली माझ्या खोलीत नेली आणि लपवायला नेमकी जागा निवडली ती कॉम्प्युटरच्या डोक्यावर, स्क्रीनच्या मागे! आता माझा कॉम्प्युटर जुना. गेममध्ये मारामारी सुरू झाली की त्याचा पंखा असा खडखडतो, की वरची पेनं खाली पडतात. नानायनी दाराच्या फटीतून डोकावलं आणि बाटलीतलं तेल बुडबुडताना पाहिलं.

शनिवार उजाडला. आता गेममध्ये एकच लढत उरली होती. एक म्हातारी सरदारीण. तिच्या किल्ल्यात तिची मुलगी. सरदारिणीला हरवलं की मुलगी आपल्या बाजूला येते आणि गोष्ट संपते. पण ही बाई काही केल्या मरेना! सकाळपासून मी तिच्या हातून मार खात होतो. चितोचे निरोपावर निरोप येत होते. माझं डोकं फिरलं आणि मी मोबाईलकडे तोंड करून पुटपुटलो, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं:

"म्हातारी फार चिवट आहे! मानेला दातच लागत नाही! पण उद्या रविवार. काही झालं तरी आज तिला संपवायलाच हवं. आईचा निकाल लागला की पोरगी आपोआप आपल्या ताब्यात!"

आणि माझ्या पाठीत वीज पडली.

वीज नव्हती. नानाय होत्या. हातात पागी म्हणजे पाकट माशाची वाळवलेली शेपटी होती. काटेरी, लवचीक, हातभर लांब. अस्वांगाला मारायला याहून जालीम हत्यार नाही, आणि माझ्यासारख्या माणसालाही ते चांगलंच लागतं! मी किंचाळत उठलो, हेडफोन एकीकडे, खुर्ची दुसरीकडे. नानायच्या मागे आमच्या वस्तीचे कॅप्टन, म्हणजे सरपंचच, एस्मेराल्दो उभे होते. गळ्यात शिट्टी, चेहरा रडवेला.

"टोटो, अरे पोरा!" कॅप्टन कळवळले. "आपल्या वस्तीत अस्वांग नाही हे टीव्हीवाल्यांना सांगून सांगून माझा घसा बसला रे! आणि तू माझ्याच हद्दीत?"

"कॅप, मी काय केलं?"

"सासूला संपवणार म्हणालास! आम्ही दोघांनी आपल्या कानांनी ऐकलं!"

"ती म्हातारी!" मी पडद्याकडे बोट दाखवून ओरडलो. "ती तिकडची!"

पडद्यावर सरदारीण माझ्या मेलेल्या व्हॅम्पायरवर पाय ठेवून हसत होती. कॅप्टननी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली सोडली. पोटावर हात धरून लिवाय दारात आली आणि म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं नव्हतं का?"

नानायनी चष्मा लावला. पडद्याजवळ गेल्या. मग माझ्याकडे वळून, वर्गात नापास पोराला विचारावं तसं विचारलं, "या बाईकडून हरतोस तू?"

"ती फार..."

"सरक."

त्या खुर्चीवर बसल्या. शेपटी मांडीवर. कुठलं बटण कशाला, ते मी सांगत होतो आणि त्या ऐकत नव्हत्या. पहिल्यांदा मेल्या. दुसऱ्यांदा मेल्या. तिसऱ्यांदा त्या सरदारिणीला त्यांनी असं काही कोपऱ्यात घेतलं, की कॅप्टननी आपोआप स्वतःची मान झाकून घेतली. बाई खलास!

"पण हे गाव कसलं म्हणायचं?" नानाय लगेच तक्रारीला लागल्या. "एवढी माणसं मेली, तरी कोणी दारात मीठ टाकत नाही? पोटुशीच्या घरी राखणीला कोणी बसत नाही? व्हॅम्पायर सरळ आत शिरतो!"

"आणि कॅप्टन कुठेय यांचा?" कॅप्टन एस्मेराल्दोंना मनापासून राग आला होता. "माणसं मरताहेत आणि एकाची शिट्टी नाही!"

मी हळूच मोबाईल उचलला आणि रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते पाहिलं. परीक्षण वेळेवर गेलं. त्यात लिहिलं, की खेळायला भरपूर आहे. पण खोली बेताची, कारण यातली माणसं एकमेकांची काळजीच करत नाहीत. चितोने फोन करून सांगितलं की आजवरचं तुझं सगळ्यात शहाणं वाक्य हेच! मी आभार मानले. वाक्य कुणाचं ते सांगायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी मी जीव मुठीत धरून बसलो. नानाय कॉफी पिऊन उठल्या आणि म्हणाल्या, "लिवायचं तिकीट रद्द केलं."

मी उडीच मारली! लिवायला मिठी मारली, पोटाला जपून. मग उत्साहाने नानायची बॅग उचलून दाराकडे निघालो.

"बॅग कुठे नेतोस?"

"बंदरावर! तुमची बोट!"

"माझंही रद्द केलं. गेममधल्या बंदराकडच्या वस्तीतले तीन सरदार अजून जिवंत आहेत. तुला सापडलेच नाहीत ते. अर्धवट टाकून जाऊ?"

मी बॅग खाली ठेवली. त्या दिवसापासून अडगळीची खोली, जाड पडदे, हेडफोन सगळं नानायकडे गेलं. मी परीक्षणं स्वयंपाकघरात बसून लिहितो, गेम न बघता.

पुढे लिवायला दवाखान्यात नेलं. सगळं नीट पार पडलं. बाळाचं पहिलं रडणं मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मीही रडलो, त्यात लाज कसली? बाळाचे कपडे आणायला घरी गेलेल्या नानाय मात्र परतल्याच नव्हत्या. मी धावत घरी आलो. गल्लीतली माणसं दाराशी जमलेली. अडगळीच्या खोलीला आतून कडी.

"नानाय!" मी दार बडवलं. "मुलगी झाली! चला!"

आतून खणखणीत आवाज आला. हेडफोन लावले की आपण किती मोठ्याने बोलतो, ते त्यांनाही कळत नाही.

"आले, आले! एवढ्या एकाला चावते आणि बाळाकडे येते!"

गल्लीतली निम्मी माणसं तिथल्या तिथे घराकडे पळाली. तेव्हापासून आमच्या वस्तीत कापिझच्या लोकांबद्दल कोणी काही बोलत नाही. बातांगासच्या लोकांबद्दल बोलतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.